देवमासे व डॉल्फिन : पश्चिम भारत व खानदेश

सस्तन वर्गाच्या सीटेसिया म्हणजे तिमिगणातील जलचर प्राणी. देवमासे, डॉल्फिन व पॉर्पॉइज यांचा या गणात समावेश होतो. जगात यांच्या सु. ९० जाती असून भारताभोवतालच्या समुद्रांतून व नद्यांतून त्यांपैकी पंचवीसहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. ‘देवमासा’ या मराठी नावात ‘मासा’ हा शब्द असला, तरी हे प्राणी मासे नव्हेत. ते फुप्फुसांनी श्वसन करतात, त्यांचे रक्त उष्ण असते, ते पिलांना जन्म देतात व त्यांना दूध पाजतात.

जळगाव व धुळे हे जिल्हे मिळून होणारा खानदेश हा समुद्रापासून दूर असलेला प्रदेश आहे. (१९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.) येथील तापी नदीत डॉल्फिन नाहीत. दक्षिण आशियातील नदी-डॉल्फिन मुख्यतः गंगा, ब्रह्मपुत्रा व सिंधू यांच्या प्रणालींत आढळतात. असे असले, तरी पश्चिम भारतातील देवमाशांच्या ज्ञानाचा इतिहास पाहताना खानदेशाचा उल्लेख टाळता येत नाही. येथील खडक, येथून जाणारा जुना व्यापारी मार्ग, येथे काम केलेले संशोधक आणि येथून समुद्राला मिळणारे पाणी या चार बाबींमुळे या प्रदेशाचा त्या इतिहासाशी संबंध येतो. हा इतिहास मुख्यतः मृत प्राण्यापासून जिवंत प्राण्याकडे झालेल्या वाटचालीचा आहे. शतकानुशतके देवमासा माणसाला हाड, तेल व अंबर यांच्या रूपानेच माहीत होता. समुद्रात वावरणाऱ्या प्राण्याचा अभ्यास महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अगदी अलीकडे सुरू झाला.

प्राणिवैशिष्ट्ये : तिमिगणातील प्राण्यांचे शरीर तर्कूच्या म्हणजे चातीच्या आकाराचे असते. पुढच्या पायांचे रूपांतर वल्ह्यांसारख्या अवयवांत झालेले असून मागचे पाय बाहेरून दिसत नाहीत. श्रोणीची लहान हाडे मात्र शरीरात शिल्लक असतात. माशांचे शेपूट उभे असते व ते डावीउजवीकडे हलते. देवमाशाचे शेपूट आडवे असून ते वरखाली हलते. यावरून पाण्यातही हा प्राणी दुरून ओळखता येतो. नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असतात. उच्छ्वासाबरोबर बाहेर पडणारी बाष्पयुक्त हवा फवाऱ्यासारखी दिसते. कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. तो शरीराची उष्णता राखतो व अन्नाचा साठा म्हणूनही उपयोगी पडतो.

या गणाचे दोन मुख्य विभाग आहेत. पहिल्या विभागातील देवमाशांना दात नसतात. त्यांच्या वरच्या जबड्यातून बॅलीन नावाच्या शृंगद्रव्याच्या पट्ट्या कंगव्याच्या दातांसारख्या लोंबत असतात. तोंडात घेतलेले पाणी या पट्ट्यांमधून बाहेर टाकले जाते आणि त्यातील बारीक झिंग्यांसारखे प्राणी व लहान मासे आत अडकतात. निळा देवमासा, ब्राइड देवमासा व हंपबॅक देवमासा हे या विभागातील होत. निळ्या देवमाशाची लांबी ३० मी. पर्यंत भरते. पृथ्वीवर आजवर झालेल्या ज्ञात प्राण्यांत त्याच्याहून वजनदार प्राणी नाही. तरीही त्याचे अन्न म्हणजे बोटाएवढे कवचधारी प्राणी होय.

दुसऱ्या विभागातील प्राण्यांना दात असतात. स्पर्म देवमासा, सर्व डॉल्फिन व पॉर्पॉइज यांचा त्यात समावेश होतो. हे प्राणी उच्च कंप्रतेचे ध्वनी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून भक्ष्याची व अडथळ्यांची जागा ओळखतात. गढूळ पाण्यात किंवा काळोख्या खोलीवर दृष्टीचा उपयोग थोडा असल्याने ही क्षमता फार महत्त्वाची ठरते. स्पर्म देवमासा माकुळांच्या शोधात १,००० मी. पेक्षा अधिक खोल बुडी मारतो व तासाभरापर्यंत पाण्याखाली राहू शकतो. त्याच्या रक्तात व स्नायूंत प्राणवायू साठवून ठेवण्याची सोय असते.

बहुतेक जातींची मादी एका वेळी एकाच पिलास जन्म देते. गर्भावधी सामान्यतः १० ते १६ महिन्यांचा असतो. दुधात स्निग्धांश पुष्कळ असल्याने पिलू झपाट्याने वाढते. दोन वेतांमधील अंतर मात्र दोन ते तीन वर्षांचे, काही जातींत त्याहूनही अधिक असते. त्यामुळे एखाद्या समुदायातील थोडे प्राणी जरी अकाली मेले, तरी ती हानी भरून येण्यास दीर्घकाळ लागतो. देवमाशांच्या संरक्षणाचा सर्व प्रश्न या एका जीवशास्त्रीय वस्तुस्थितीवर आधारलेला आहे.

उत्पत्ती व पश्चिम भारतातील जीवाश्म : खानदेशाचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा बनलेला आहे. या खडकाचे लाव्हारस सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी पसरले. सातपुड्याच्या उत्तरेस नर्मदेच्या खोऱ्यात बाघ थर नावाचे त्याहून जुने सागरी थर आहेत. एके काळी समुद्राचा एक फाटा तेथपर्यंत आला होता, असे त्यांतील शंख-शिंपल्यांच्या जीवाश्मांवरून कळते. परंतु त्या समुद्रात देवमासे नव्हते. देवमाशांची उत्पत्ती लाव्हारस थंड झाल्यानंतर एक कोटीहून अधिक वर्षांनी झाली. म्हणजे धुळे वा जळगाव येथील घरांच्या पायात घातलेला काळा दगड पहिल्या देवमाशापेक्षा जुना आहे. यामुळेच खानदेशात देवमाशांचे जीवाश्म सापडत नाहीत.

हे जीवाश्म भारताच्या वायव्य भागात सापडतात. भारतीय भूखंड आशियाच्या दिशेने सरकत असता दोहोंमध्ये टेथिस नावाचा उथळ समुद्र होता. त्याच्या काठी राहणाऱ्या चतुष्पाद सस्तन प्राण्यांपासून देवमासे उत्क्रांत झाले, असे आता सर्वमान्य झाले आहे. पाकिस्तानातील पाकिसीटस या प्राण्याचे वर्णन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमाचल प्रदेशातील सुबाथू थरांतून मिळालेल्या हिमालयासीटसचे वर्णन १९९८ मध्ये झाले. जम्मू व काश्मीरमधील कालाकोट भागातून इंडोह्यूस या लहान, हरणासारख्या समखुरी प्राण्याचे अवशेष मिळाले होते. त्याच्या कानाच्या हाडाची रचना देवमाशाच्या कानासारखी असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशांचा सर्वांत जवळचा आप्त हिप्पोपोटॅमस हा आहे.

या संशोधनात कच्छचे स्थान विशेष आहे. अशोक साहनी व विजय प्रकाश मिश्रा यांनी कच्छमधील इओसीन कालीन थरांतून मिळालेल्या आदिम देवमाशांची वर्णने १९७२ व १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे तेथूनच लांब मुस्कटाच्या रेमिंग्टोनोसीटस या प्राण्याचा व आकाराने लहान अशा कच्छीसीटसचा (२०००) अभ्यास झाला. या प्राण्यांना मागचे पाय होते. ते पाण्यात पोहत, परंतु जमिनीशी त्यांचा संबंध पूर्णपणे सुटलेला नव्हता. त्याच सुमाराच्या समुद्राचे थर तापीच्या मुखाजवळ, सुरत व भडोच यांच्या परिसरातही आढळतात. जमिनीवरून समुद्राकडे झालेल्या या स्थित्यंतराचे पुरावे जगात अन्यत्र इतक्या क्रमवार रीतीने क्वचितच मिळतात.

प्राचीन उल्लेख : संस्कृत वाङ्मयात तिमी व तिमींना गिळणारा तिमिंगिल अशा महाकाय जलचरांचे उल्लेख वारंवार येतात. गणाचे मराठी शास्त्रीय नाव त्यांवरूनच घेतलेले आहे. हे उल्लेख बहुधा समुद्राची अगाधता सुचविण्यासाठी केलेले असून त्यांत प्राण्याचे प्रत्यक्ष वर्णन थोडे असते. याउलट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य ठरविलेल्या प्राण्यांच्या यादीत ‘गंगापुपुटक’ हे नाव आहे. ते गंगेतील डॉल्फिनचे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. अलेक्झांडरचा सेनानी निआर्कस इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाकडून इराणच्या आखाताकडे आपले आरमार नेत असता मकरान किनाऱ्याजवळ त्याला देवमाशांचा कळप भेटला. खलाशांनी आरडाओरडा करून व रणशिंगे फुंकून त्यांना बुडी मारावयास लावल्याची हकीकत एरियनने दिली आहे. अरबी समुद्रातील जिवंत देवमाशांचे हे अतिशय जुने प्रत्यक्षदर्शी वर्णन होय.

अंबर व खानदेशचा मार्ग : मध्ययुगात देवमाशाचा भारतीयांशी संबंध आला तो मुख्यतः अंबर या पदार्थामुळे. अंबर हा करड्या किंवा काळसर रंगाचा, मेणासारखा सुगंधी पदार्थ आहे. तो स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. माकुळांच्या न पचणाऱ्या चोचींभोवती हा पदार्थ साचतो. शरीराबाहेर पडल्यावर तो समुद्रावर तरंगतो व पुष्कळ काळ ऊन, हवा व खारे पाणी यांच्या संयोगाने त्याला सुगंध येतो. अत्तरांत सुवास टिकविण्यासाठी व युनानी औषधांत त्याचा उपयोग होत असे. हा पदार्थ लाटांबरोबर किनाऱ्यावर येत असल्याने त्याचा देवमाशाशी असलेला संबंध लोकांच्या सहसा लक्षात येत नसे.

अकबराच्या काळात अबुल फज्लने लिहिलेल्या आईन-इ-अकबरी या ग्रंथात बादशाही सुगंधशाळेचे वर्णन करताना अंबराविषयी प्रचलित असलेली मते एकत्र दिली आहेत. कोणी म्हणे ते समुद्राच्या तळाशी उगवते, कोणी म्हणे तो समुद्राचा फेस आहे. काहींच्या मते ते बेटांवरील डोंगरांतून पाझरते, तर काहींच्या मते ते जलचरांची विष्ठा आहे. मासे ते खाऊन मरतात व त्यांच्या पोटातून ते काढले जाते, असेही एक मत त्यात नमूद आहे. खरे उत्तर या शेवटच्या दोन मतांच्या आसपास होते, पण निवड करण्याचे साधन कोणापाशी नव्हते. याच ग्रंथात खानदेश सुभ्याचेही वर्णन आले आहे. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर फारुकी घराण्याची सत्ता संपून खानदेश मोगल साम्राज्यात समाविष्ट झाला होता.

मोगल काळात सुरत हे साम्राज्याचे प्रमुख बंदर होते. तेथून आग्र्याकडे जाणारे दोन मुख्य मार्ग होते. एक अहमदाबादवरून जाई, दुसरा तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपूरवरून. हा दुसरा मार्ग नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर या गावांवरून म्हणजे खानदेशाच्या पूर्ण लांबीतून जात असे. अरबस्तान व आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरून सुरतेस येणारा मौल्यवान माल या दोन मार्गांनी उत्तरेकडे जाई. फ्रेंच रत्नव्यापारी झां बातीस्त ताव्हेर्न्ये याने सतराव्या शतकात या रस्त्याने प्रवास केला व १६७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यावरील मुक्कामांची अंतरे दिली. त्याच ग्रंथात त्याने कस्तुरी व अंबर यांच्या व्यापाराविषयीही लिहिले आहे. अंबर ही वस्तू काय आहे व ती कशी उत्पन्न होते, हे कोणासही ठाऊक नाही, असा त्याचा अभिप्राय होता. अंबराची पारख करणाऱ्या या व्यापाऱ्यास तो पदार्थ उत्पन्न करणाऱ्या प्राण्याची कल्पना नव्हती. स्पर्म देवमाशाच्या शरीरातूनच अंबर निघते, हे फ्रान्झ श्वेडियावर या वैद्याने देवमासे पकडणाऱ्या खलाशांच्या माहितीच्या आधारे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७८३ मध्ये मांडले.

शास्त्रीय नोंदी : एकोणिसाव्या शतकात भारतीय जातींना शास्त्रीय नावे मिळू लागली. गंगेतील डॉल्फिनचे वर्णन १८०१ मध्ये झाले. पश्चिम किनाऱ्यावर आढळणाऱ्या हंपबॅक डॉल्फिनचे वर्णन झॉर्झ क्यूव्ह्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२९ मध्ये मलबार किनाऱ्यावरील नमुन्यावरून केले. त्याच्या शिशासारख्या रंगावरून या जातीस प्लंबिया हे नाव मिळाले. विशाखापटनम येथे वॉल्टर एलियट यांनी जमविलेल्या नमुन्यांवरून रिचर्ड ओएन यांनी १८६६ मध्ये इरावती डॉल्फिन व लहान जातीचा एक स्पर्म देवमासा यांची वर्णने केली. या सर्व कामात पद्धत एकच होती. किनाऱ्यावर आलेले किंवा कोळ्यांच्या जाळ्यात सापडलेले शव मिळवावयाचे, त्याची कवटी युरोपातील संग्रहालयाकडे पाठवावयाची व तेथे तिच्यावरून जात ठरवावयाची. प्राण्याचे वर्तन, त्याचे स्थलांतर, त्याची संख्या यांविषयी अशा पद्धतीने काहीच कळणे शक्य नव्हते.

या टप्प्यावर खानदेशाचा पुन्हा संबंध येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड (१८३२–१९०५) यांनी तापी व नर्मदेचा खालचा भाग यांच्या खोऱ्यांची पाहणी केली. त्यांचा तद्विषयक विस्तृत वृत्तांत १८६९ मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. खानदेशातील लाव्हा थर व तापी-पूर्णेच्या काठचा गाळ यांचे ते मूलभूत वर्णन होय. ब्लॅनफर्ड हे प्राणिशास्त्राचेही जाणकार होते. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेचे ते संपादक झाले व तीतील सस्तन प्राण्यांचा भाग त्यांनी स्वतः लिहिला (१८८८–९१). त्यात तिमिगणावर स्वतंत्र प्रकरण असून त्या वेळेपर्यंत भारतीय समुद्रांतून माहीत झालेल्या जातींची वर्णने एकत्र आली आहेत. पाठीवर पक्ष नसलेल्या लहान पॉर्पॉइजचे ‘भुलगा’ हे मराठी नावही त्यात नोंदलेले आहे. जे कोळ्यांना नावानिशी ठाऊक होते, ते ग्रंथात येण्यास एवढा काळ लागला.

मुंबईत १८८३ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. १८८६ पासून निघणाऱ्या तिच्या नियतकालिकात किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशांच्या नोंदी येऊ लागल्या. पुढील शतकभर पश्चिम किनाऱ्यावरील देवमाशांविषयीची बहुतेक माहिती अशाच तुरळक नोंदींतून जमत गेली. हौशी निरीक्षक, सरकारी अधिकारी व मत्स्यसंशोधक यांनी त्या केल्या. त्यांचे मूल्य मोठे असले, तरी त्या समुद्रात काय आहे यापेक्षा समुद्राने काय बाहेर टाकले, एवढेच सांगतात.

शिकार : महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मोठ्या देवमाशांच्या शिकारीचा धंदा रुजला नाही. अरबी समुद्रातील देवमासे मात्र त्यातून सुटले नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी जहाजे स्पर्म देवमाशांसाठी हिंदी महासागरात येत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर सोव्हिएट संघाच्या शिकारी ताफ्यांनी येथे मोठी हत्या केली. १९६६ च्या नोव्हेंबर महिन्यात ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत यांच्या जवळच्या समुद्रात त्यांनी दोनशेंहून अधिक हंपबॅक देवमासे मारले. ही शिकार आंतरराष्ट्रीय नियमांविरुद्ध असल्याने तिचे आकडे गुप्त ठेवण्यात आले होते. ते सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर, १९९० नंतरच्या दशकात उजेडात आले.

या घटनेचे गांभीर्य त्या प्राण्यांच्या वेगळेपणामुळे वाढते. जगातील इतर हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात ध्रुवीय समुद्रांत अन्नासाठी जातात व हिवाळ्यात उष्ण समुद्रात प्रजननासाठी येतात. अरबी समुद्रातील समुदाय असे स्थलांतर करीत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे या समुद्राच्या पश्चिम भागात खोलावरील थंड व पोषक द्रव्यांनी युक्त पाणी वर येते, प्लवक वाढतात व माशांची समृद्धी होते. जो पाऊस खानदेशातील कपाशी व बाजरी पिकवितो, त्याच वाऱ्यांवर या देवमाशांचे अन्न अवलंबून असते. ओमानच्या किनाऱ्यावर या समुदायातील शंभराहूनही कमी प्राणी उरले असावेत, असा अंदाज आहे. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची संकटग्रस्त म्हणून नोंद केली. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ उपग्रह-प्रेषक बसविलेली एक मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याकडे व तेथून दक्षिणेस केरळकडे आली. दोन्ही किनाऱ्यांवरील देवमासे एकाच समुदायाचे असू शकतात, हे त्यामुळे प्रत्यक्ष दिसून आले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील सद्यःस्थिती : महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ सर्वांत नियमितपणे दिसणारी जात म्हणजे हंपबॅक डॉल्फिन होय. प्रौढ प्राणी सु. अडीच मीटर लांब असतो. पाठीवर उंचवटा व त्यावर लहान पृष्ठपक्ष असतो. हे डॉल्फिन बहुधा २५ मी. पेक्षा कमी खोलीच्या पाण्यात, खाड्यांच्या व नदीमुखांच्या जवळ वावरतात. मुरूड, दाभोळ, मालवण या भागांत ते किनाऱ्यावरूनही दिसतात. किनाऱ्यालगत राहण्याच्या या सवयीमुळे जाळी, नौका, बंदरे व प्रदूषण या सर्वांचा उपद्रव त्यांनाच प्रथम पोहोचतो. ही जात २०१७ पासून संकटग्रस्त गणली जाते. भुलगा हा पॉर्पॉइज आकाराने याहून लहान व स्वभावाने बुजरा असतो. तो पाण्याबाहेर उडी मारत नाही, त्यामुळे बहुधा जाळ्यात सापडल्यावरच त्याचे अस्तित्व कळते.

२०१४ च्या सुमारास सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या समुद्रात नौकेतून पद्धतशीर पाहणी सुरू झाली. कोळ्यांच्या मुलाखती, ठराविक रेषांवरून केलेले नौकाप्रवास व पृष्ठपक्षांवरील खुणांची छायाचित्रे यांच्या साहाय्याने प्राण्यांची नोंद होऊ लागली. या पाहणीत ब्राइड देवमासे व २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ निळे देवमासे जिवंत आढळले. त्यांच्याबरोबर पिलूही होते. ज्या प्राण्याची महाराष्ट्रात बहुतांशी शवांवरूनच ओळख होती, तो येथे पिलासह वावरतो, हे या नोंदीने सिद्ध झाले.

किनाऱ्यावर देवमासे वाहून येण्याच्या घटनाही याच काळात अधिक काळजीपूर्वक नोंदल्या जाऊ लागल्या. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे सु. ४२ फूट लांबीचा निळा देवमासा जिवंत स्थितीत वाळूत रुतला. ग्रामस्थ व वनाधिकारी यांनी प्रयत्न करूनही तो वाचला नाही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या जुहू किनाऱ्यावर ब्राइड देवमाशाचे शव आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळे येथे अडकलेल्या पिलास खोल पाण्यात नेण्यासाठी दीर्घ प्रयत्न झाले, पण तेही जगले नाही. पाण्यात देवमाशाच्या वजनाचा भार पाण्यावर असतो. जमिनीवर तोच भार त्याच्या फुप्फुसांवर व स्नायूंवर पडतो, शिवाय चरबीच्या थरामुळे शरीर तापते. म्हणून किनाऱ्यावर आलेला मोठा देवमासा वाचविणे फार कठीण असते. आजार, नौकेची धडक, जाळ्यात गुरफटणे, आईपासून ताटातूट व दिशाभूल अशी त्याच्या येण्याची अनेक कारणे असू शकतात. शवविच्छेदन वेळेवर झाले, तरच त्यांतील नेमके कारण ठरविता येते.

संरक्षण : आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने १९७९ मध्ये हिंदी महासागर हे अभयक्षेत्र जाहीर केले. भारत १९८१ मध्ये आयोगाचा सदस्य झाला. १९८२ मध्ये आयोगाने व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव केला व तो १९८५-८६ च्या हंगामापासून अमलात आला. भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमान्वये देवमासे व डॉल्फिन यांना संरक्षण आहे. स्पर्म देवमाशाचे अंबर बाळगणे व विकणे हाही त्यामुळे गुन्हा ठरतो. तरीही अंबराच्या चोरट्या व्यापाराची प्रकरणे किनाऱ्यापासून दूर असलेल्या पुण्यासारख्या शहरांतही उघडकीस आली आहेत. एके काळी खानदेशातून उघडपणे जाणारा माल आता अवैध ठरला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये संरक्षित सागरी प्राण्यास सोडविण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली. प्राणी वाचविण्याचा खर्च गरीब मच्छीमाराने एकट्याने सोसू नये, हे तत्त्व या योजनेने मान्य केले.

कायद्याने शिकार व व्यापार यांना आळा बसतो. परंतु किनाऱ्यालगतच्या डॉल्फिनांचे भवितव्य नदीमुखांच्या स्थितीवरही अवलंबून असते आणि नदीमुखाची स्थिती खोऱ्यात ठरते. तापीची लांबी ७२४ किमी. असून तिच्या ६५,१४५ चौ. किमी. पाणलोट क्षेत्रापैकी सु. चार-पंचमांश क्षेत्र महाराष्ट्रात आहे. वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, बुराई या खानदेशातील नद्या तिलाच मिळतात. भुसावळजवळील हतनूर व गुजरातमधील उकाई (१९७२) या धरणांमुळे शेतीस व शहरांस पाणी मिळाले व पुरांचे नियंत्रण झाले. त्याचबरोबर समुद्रापर्यंत जाणारे गोडे पाणी व गाळ यांचे प्रमाण आणि वेळापत्रक बदलले. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या मिश्रणावर नदीमुखातील माशांची वाढ अवलंबून असते व त्या माशांवर डॉल्फिन जगतात. शेतातून वाहून जाणारी कीटकनाशके व नागरी सांडपाणी यांचाही शेवट तेथेच होतो. डॉल्फिन अन्नसाखळीच्या शेवटच्या टोकाला असल्याने विघटन न होणारी विषारी द्रव्ये त्यांच्या चरबीत साचतात व मादीच्या दुधातून पिलात उतरतात.

या दृष्टीने पाहता देवमासे व डॉल्फिन यांचा विषय केवळ कोकणचा किंवा किनाऱ्याचा राहत नाही. अबुल फज्लच्या काळी अंबराचे उगमस्थान अज्ञात होते, म्हणून त्याच्या उत्पादकाची चिंता कोणी केली नाही. आज प्राणी, त्याचे अन्न व त्याच्या पाण्याचा मार्ग ही तिन्ही ज्ञात आहेत. अरबी समुद्रातील हंपबॅक देवमाशांसारखा लहान समुदाय टिकण्यासाठी समुद्रावरील पाहणी चालू राहणे जितके आवश्यक आहे, तितकेच नदीमुखांतील डॉल्फिनांसाठी अंतर्भागातील पाण्याचे व रसायनांचे नियोजन आवश्यक आहे. खानदेशात डॉल्फिन नसले, तरी त्यांच्या अस्तित्वाशी निगडित असलेले काही निर्णय तापीच्या काठीच घेतले जातात.